तीन आठवड्यांचे ड्रेडलॉक्स आणि आजीचा भंडारा

"ताई, मी बावीस वर्षांची, शिवाजी विद्यापीठात एम.ए. करते, राहायला मंगळवार पेठेत. तीन आठवड्यांपूर्वी गोव्यात ड्रेडलॉक्स, म्हणजे मुद्दाम गुंतवलेल्या बटा, करून घेतले. केस सरळ, कमरेपर्यंत होते, आता पाठीच्या मध्यावर आलेत. करणाऱ्यानं सांगितलं, तीन महिने पाणी लावू नको. मेणाची डबी दिली, रोज चोळ म्हणाला. डोकं इतकं खाजतंय की लेक्चरमध्ये लक्ष लागत नाही. मुळाशी केस सुटे झालेत, वर सगळीकडं पिसारलेत. त्यात गडहिंग्लजहून आजी आली, बघितलं आणि थेट भंडारा लावला. म्हणते, यल्लम्मा आलीय, आता कात्री लावायची नाही. शेजारच्या काकू परवा पाया पडून गेल्या! आई म्हणते, उद्याच्या उद्या कापून टाक. पावसाळा तोंडावर आहे. हे टिकतील का, आणि मी घरात काय सांगू?"

आधी डोकं धू. उत्तराचा बाकीचा भाग केस वाळत असताना वाच, भरपूर वेळ मिळणार आहे.

तीन महिने पाणी नाही, हा सल्ला अर्ध्या खऱ्यावर उभा आहे. उलटी फणी मारून किंवा क्रोशाच्या सुईनं गुंतवून केलेली बट सुरुवातीला कच्ची असते. लगेच खसाखसा धुतली तर सुटते, म्हणून पहिला आठवडा, फार तर दोन आठवडे थांबायचं, एवढं बरोबर आहे. ते दिवस तुझे होऊन गेले. त्यानंतर न धुण्यानं फायदा काही नाही, उलट काम लांबतं. टाळूतून तेल सुटत राहतं, ते केसांवर चढतं, केस निसरडे होतात आणि एकमेकांना धरून बसत नाहीत. स्वच्छ, कोरडा केस खरबरीत असतो, तोच लवकर गुंततो. म्हणजे तुझी खाज आणि सुटलेली मुळं या दोन वेगळ्या तक्रारी नाहीत, एकाच कारणाच्या आहेत. ड्रेडलॉक्स म्हणजे न धुतलेले केस, असं आपल्याकडं बहुतेकांना वाटतं. धंदा करणाऱ्यांनी तरी हे पसरवू नये.

धुवायचं कसं ते नीट सांगते, कारण इथं घाई चालत नाही. पहिले दोन-तीन महिने डोक्याला जुनी, पातळ सुती ओढणी घट्टसर गुंडाळ आणि तिच्यावरूनच पाणी घाल, म्हणजे बटा जागच्या हलत नाहीत. शॅम्पू साधा, पारदर्शक, कंडिशनर नसलेला घे. बाटलीच्या मागं डायमेथिकोन वाचलंस तर ती परत ठेव. केस मऊ आणि सुळसुळीत करणारी ती गोष्ट तुला नेमकी नको आहे. चमचाभर शॅम्पू तांब्याभर कोमट पाण्यात कालव आणि टाळूवर, भांगांच्या रेषांत ओत. बोटांच्या टोकांनी दाब, नखं नकोत, चोळणं नको. बटांना वेगळा साबण लावायची गरज नाही, टाळूवरून खाली येणारा फेस त्यांना पुरतो. बटा मुठीत धरून दाबायच्या आणि सोडायच्या, बस. खरा वेळ खळाळण्यात जातो. शॅम्पूला जितका वेळ दिलास त्याच्या दुप्पट वेळ साधं पाणी सोड. घरात बोअरचं जड पाणी असेल तर शेवटचे दोन तांबे नळाच्या पाण्याचे घे, आणि अंगाची वडी केसांना चुकूनही लावू नकोस. जड पाण्यात वडीचा साका तयार होतो, तो बटेत शिरला की निघता निघत नाही. आठवड्यातून एकदा धुणं पुरे. खेळत असशील, घाम फार येत असेल तर दोनदा.

आता आई म्हणेल, शिकेकाई लाव. शिकेकाईची पूड नको. बेसन नको, मुलतानी माती नको, मेंदीचा लेप तर नकोच. पूड म्हणून जे काही आहे ते बटेच्या पोटात जाऊन बसतं. रिठा मात्र चालतो. काष्ठौषधीच्या दुकानातून सालं आण, रात्री भिजव, सकाळी उकळ, आणि मलमलीच्या दुहेरी फडक्यातून गाळ. डोळे मिटून घे, भयंकर झोंबतो. तेलाचंही तसंच. नवीन बटांवर खोबरेल थापायचं नाही. टाळू फारच कोरडी वाटली तर धुऊन वाळल्यावर बोटाच्या टोकाला लागेल एवढंच, तेही फक्त टाळूला. तेलाच्या वाटीवरून घरात वाद होईल, होऊ दे.

पण धुण्यापेक्षा वाळवणं महत्त्वाचं, आणि कोल्हापुरात जून ते सप्टेंबर वाळवणं हीच मोठी परीक्षा आहे. वाकळ उन्हात टाकली की वरून तासाभरात कोरडी लागते आणि आतल्या चिंध्या संध्याकाळपर्यंत ओल्या असतात, बटेचं अगदी तेच. वरून हात फिरवून काही कळत नाही. रोज रात्री ओलसर बटा उशीवर टाकून झोपलीस तर आत बुरशी धरते. तिचा वास एकदा बसला की शॅम्पूनं सहसा जात नाही, बहुतेकदा ती बट कापावी लागते. म्हणून पावसाळ्यात सकाळीच धू, नऊ-दहाच्या आत. टर्किश टॉवेल नको, त्याचे तंतू बटांत अडकतात. घरात वडिलांचा किंवा आजोबांचा पंचा असेलच, तो घे. एकेक बट मुळापासून टोकापर्यंत पंच्यात धरून पीळ न देता दाबत ये. तुझ्या चाळीस-पन्नास बटा असतील, तर या कामाला पाऊण तास धर. मग पंख्याखाली बस. ऊन नसेल तर ड्रायर, गार किंवा अगदी मंद गरम वाऱ्यावर. ओल्या बटांचा अंबाडा बांधायचा नाही, ओढणीत गुंडाळून कॉलेजला जायचं नाही. संध्याकाळी मानेजवळची सगळ्यात जाड बट मधोमध दुमडून बोटांत जोरात दाब. गारवा जाणवला तर अजून वाळली नाही. गाडीवरून येताना पावसात भिजलीस तरी हेच. जाकिटाची टोपी हेल्मेटच्या खालून घेता येते, तशी घे. हेल्मेट मात्र बटांमुळं बसत नाही म्हणून घरी ठेवायचं नाही, एक नंबर मोठं घे आणि बटा मानेवर मोकळ्या सोड, डोक्यावर बांधू नकोस.

त्या मेणाच्या डबीचं काय करायचं? दिव्याच्या वातीला लाव, दुसरा उपयोग नाही. मेणामुळं बट आवळल्यासारखी दिसते, म्हणून विकणाऱ्याला बरं वाटतं. पण मेण पाण्यात विरघळत नाही. ते आत पाणी शिरू देत नाही, शिरलेलं बाहेर येऊ देत नाही, आणि रस्त्यावरची सगळी धूळ धरून ठेवतं. तीन आठवड्यांचं मेण काढता येईल. ड्रायरनं बट गरम कर, मेण ओघळायला लागलं की जुन्या सुती कापडानं पुसून घे, मग सोसवेल एवढ्या गरम पाण्यानं धू. एका धुण्यात जाणार नाही, तीन-चार लागतील. तेवढे दिवस बटा चिकट आणि वाईट दिसतील, आरशापासून लांब राहा.

पिसारलेल्या केसांची काळजी करू नकोस. इंटरनेटवर जे व्हिडिओ तू पाहिले असशील, त्यातले बरेच आफ्रिकी वळणाच्या, घट्ट कुरळ्या केसांसाठी आहेत. तो केस मुळातच वेटोळ्यांचा, तो पीळ धरून ठेवतो. आपला सरळ केस जेल लावून पिळला तर दुपारपर्यंत उलगडतो. त्याला गुंतवावंच लागतं आणि मुरायला वर्ष ते दोन वर्षं लागतात. मधल्या काळात बटांना गाठी येतील, कुठं फुगतील, कुठं केसांचे फासे बाहेर डोकावतील, लांबी आणखी थोडी कमी होईल. हे सगळं नेहमीचं आहे. धुऊन पूर्ण वाळल्यावर सुटी मुळं बोटांखाली धरून टाळूवर गोल-गोल घास, मग बट दोन तळव्यांत धरून लाट. आठवड्यातून एकदा, दहा-पंधरा मिनिटं. आणि प्रत्येक धुण्यानंतर शेजारशेजारच्या बटा मुळापाशी धरून एकमेकींपासून सोडव. हे राहिलं तर महिन्या-दोन महिन्यांत दोन बटांची एक होते आणि मग मधली टाळू धुताच येत नाही. तुझ्या डोक्यावर भांगांच्या चौकटी आहेत म्हणून टाळू उघडी आहे, ती तशीच राहिली पाहिजे. क्रोशाच्या सुईचं काम दीड-दोन महिन्यांतून एकदाच. हौसेनं रोज सुई चालवली तर केस तुटतात.

आणखी दोन गोष्टी खास आपल्या भागातल्या, ज्या गोव्यात कुणी सांगितल्या नसतील. एक गुलाल. चैत्रात जोतिबाला जाशील, गणपतीच्या मिरवणुकीत असशील, पेठेचा फुटबॉल संघ जिंकला तर शाहू स्टेडियमबाहेर असशीलच. डोक्याला कापड गच्च बांधल्याशिवाय जाऊ नकोस. मोकळ्या केसांतला गुलाल दोन धुण्यांत जातो, बटेतला राहतो आणि दर धुण्याला गुलाबी पाणी निघत राहतं. रंगपंचमीला तर दारच लाव. दुसरी काजळी. उसाचं पाचट पेटवतात त्या दिवसांत गाडीवरून गावाकडं जाताना काळी राख उडत असते, तीही अशीच अडकते. रात्री झोपताना सॅटिनचा अभ्रा घाल किंवा सॅटिनचा रुमाल बांध, महाद्वार रोडला सहज मिळेल. वाकळ आणि घोंगडं डोक्यावरून ओढून झोपायची सवय सोड, लोकरीचे तंतू पांढऱ्या उवांसारखे दिसतात आणि मग आईचा पुढचा प्रश्न ठरलेला.

आता आजी.

आजीला हसू नकोस, आणि तिच्यापुढं व्याख्यानही देऊ नकोस. गडहिंग्लज तालुक्यात तिचं वय गेलंय, यल्लम्माची सौंदत्ती तिथून लांब नाही. जट आलेल्या बाया तिनं लहानपणापासून पाहिल्या असणार. आजारपणात, बाळंतपणात केस विंचरायचे राहिले, धुणं झालं नाही, तेल आणि धूळ बसली, गुंता झाला. मग कुणीतरी म्हणालं देवी आली, आणि त्या दिवसापासून फणी-कात्री बंद. ओझं वाढत गेलं, मान दुखली, आत उवा झाल्या, तरी कापायची सोय नाही, कारण कापलं तर घरावर कोप. काही मुलींचं आयुष्य या गुंत्यावरून ठरलं, त्यांना देवदासी म्हणून देवीला सोडलं. गळ्यात लाल-पांढरे मणी, हातात परडी. शाहू महाराजांनी १९२० सालीच या प्रथेच्या आड कायदा आणला होता. कर्नाटकानं १९८२ मध्ये देवदासी सोडण्यावर बंदी घातली, महाराष्ट्रानं २००५ मध्ये. आजीच्या गडहिंग्लजमध्येच १९७५ साली देवदासींची परिषद भरली होती. तिला आठवत असेल, विचारून बघ. तिनं लावलेल्या भंडाऱ्यात भक्तीइतकीच धास्ती असावी असं मला वाटतं. तिला कदाचित नातीचे केस दिसतच नाहीयेत, तिच्या आळीतली कुणीतरी दिसतेय. म्हणून आधी तिला बोलू दे. तू कुणाची जट पाहिलीस, तिचं पुढं काय झालं, एवढंच विचार आणि गप्प बस.

मग एक काम कर. कानामागची एक बारीक बट निवड आणि आजीच्या समोर बसून ती उकल. तीन आठवड्यांची बट उकलते. थोडं कंडिशनर लाव, फणीच्या टोकदार दांड्यानं खालच्या टोकापासून सुरू कर आणि वर जात राहा. तुझ्यात मेण आहे म्हणजे तास-सव्वा तास जाईल. बरोबर केसांचा एक गोळा निघेल, घाबरायचं नाही. माणसाचे रोज पन्नास ते शंभर केस गळतातच, एरवी ते फणीत येतात, बटेत ते आतच राहतात. आजीला हेही सांग, नाहीतर तिला त्यातही काही दिसेल. उकललेले केस तिच्या हातात दे. जे तिच्या डोळ्यांदेखत गुंतवलं जातं आणि उकललं जातं, त्याला देवीचं म्हणणं तिलाही जड जाईल. तरी ती म्हणाली की कोप होईल, तर तिला एक गोष्ट सांग. पोलंडमध्ये अशीच जट असायची, तिथं तिला कोल्टुन म्हणतात. कापली तर आजार अंगावर उलटतो अशी लोकांची पक्की समजूत. एकोणिसाव्या शतकात क्राकोव शहरातल्या योझेफ डिटल नावाच्या डॉक्टरनं हा विषय हातात घेतला, मोहीम चालवली, जटा कापल्या गेल्या आणि कुणावर काही उलटलं नाही. आजीला पोलंड कुठं म्हणून सांगायला नको, कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात १९४३ ते १९४८ सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते, तिच्या पिढीनं ते नाव ऐकलेलं असतं.

तिची श्रद्धा काढून घ्यायचा तुझा प्रश्नच नाही. मार्गशीर्षात सौंदत्तीची यात्रा झाली की कोल्हापुरात ओढ्यावरच्या रेणुकेची, म्हणजे यल्लम्माचीच, आंबील यात्रा भरते, तिथं तिला घेऊन जा, आंबील पी, नमस्कार कर. फक्त केसांचा निर्णय तुझा राहील, एवढं स्पष्ट सांग. काकूंच्या पाया पडण्यावर मात्र नरमाई नको. त्यांना आजच हात धरून उठव आणि सांग, काकू, मी साडेचार हजार मोजून करून आणलेत (जी काय रक्कम असेल ती). पैशाचा आकडा ऐकला की अंगात आलेलं बरंच काही उतरतं. पेठेत एकदा 'त्या मुलीला देवी आली' असं पसरलं तर तू पुढं केस कापलेस तरी ते मागं लागेल. आणि तुझ्या ओळखीत खरोखर जट वागवणारी कुणी बाई असेल, तर अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते तिच्या घरी जाऊन, तिच्याशी आणि घरच्यांशी बोलून, तिच्या संमतीनं ती काढून देतात. तुझ्यापेक्षा त्या बाईला या पत्राचा उपयोग जास्त आहे.

आईचं म्हणणं आजीच्या उलट असलं तरी घाई तीच आहे. दोघींनाही आजच्या आज निकाल हवाय. आईला सांग, तीन महिने थांब. पहिल्या काही महिन्यांत बटा वेळ काढून उकलता येतात, केस थोडे तुटतील पण लांबी बरीचशी वाचते. नंतर मात्र ते फार अवघड होत जातं. म्हणजे मोडायचंच ठरलं तर ते दिवाळीच्या आत ठरव, आजीच्या भीतीनं नाही आणि आईच्या रडण्यानंही नाही. आईला क्रोशा येत असेल, तर पुढच्या महिन्यात मागच्या बाजूच्या बटांना तिच्याकडूनच सुई मारून घे. दोरीकामाची बारीक पोलादी सुई, अर्धा-पाऊण मिलिमीटरची, याच कामाची असते. मागचं डोकं स्वतःच्या हातानं कुणालाच नीट जमत नाही. आणि तोरणं विणलेल्या बाईचा हात गोव्यातल्या माणसापेक्षा नक्की बरा असणार.

खाज दोन-तीन धुण्यांनंतर निम्म्यावर यायला हवी. नाही आली, पांढरा कोंडा सालपटांसारखा निघायला लागला, तर औषधाच्या दुकानात कीटोकोनॅझॉलचा शॅम्पू मिळतो, तो टाळूवर पाच मिनिटं ठेवून धुवायचा, आठवड्यातून दोनदा, तीन-चार आठवडे. टाळूवर पुवाचे फोड आले, नाण्याएवढी जागा मोकळी झाली, किंवा कपाळाच्या कडेचे केस विरळ होताना दिसले तर घरगुती काही करत बसू नकोस, त्वचारोगतज्ज्ञाला दाखव. सीपीआर या सरकारी रुग्णालयात तो विभाग आहे, सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढ. कपाळाकडचे केस ताणानं जातात आणि ताण फार दिवस राहिला तर परत येत नाहीत. तिथल्या बटा आत्ताच खेचल्यासारख्या वाटत असतील, डोकं जड होऊन दुखत असेल, तर त्या चार-सहा बटा आजच सैल कर. उकलायच्या झाल्या तर त्याच आधी उकल.